नाडी लागत नाही

प्रिय नोरबू,

वडशाच्या फलाटावर आपण चहा प्यायचो. तू त्यात मीठ घालायचास आणि चहावाला कपाळाला हात लावायचा.

तू धरमशालेला परतलास, तरी मी आपला दवाखाना चालवला. नाडी तुझ्या तिबेटी पद्धतीने बघायची, अर्क कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवले तसे काढायचे. आता माझी बोटं बधिर झालीत. काल वच्छलाची नाडी लागेचना.

"काऊन बाई, मी मेली का वं?" ती हसली.

नाडी कळल्याशिवाय औषध देऊ नये, हे तुझंच शिकवणं. मी दवाखाना बंद केला.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर या वयात इकडे यायला गाडीत बसशील.

खलबत्ता गोळ्या वळणाऱ्या दुर्गाला देते, अर्काच्या बाटल्या गडचिरोलीच्या नर्सबाईंना. पहाटे उपाशीपोटी नाडी दाखवायला हात पुढे करून बसणाऱ्यांना काय द्यावं, सुचत नाही.

तुझीच,
शरयू