लाल पेन्सिलीची फुली

घाटकोपर,
शनिवार, १३ सप्टेंबर १९८६

पद्मजा,

पाकीट बघून लगेच फाडू नकोस. आम्ही सगळे ठीक, बाबांचा खोकला उतरलाय. तू कशी आहेस, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही कोण जाणे.

तुझी मैत्रीण लता भेटली, हे पाकीट तिच्याच हाती देतोय. म्हणाली, कुणीतरी तुझी तक्रार केलीय, सोमवारी दहाला मेट्रनने बोलावलंय. नर्सिंगचं शेवटचं वर्ष तुझं. आत्ता काढून टाकलं तर वाट लागेल ना.

पण आधी मंगळवारचं बोलू. सकाळी सातला बाबांना घेऊन मी तुमच्या ओपीडीच्या लाइनीत होतो. आमचा नंबर एकोणीस. दहा वाजले तरी बाबा बाकावरच, म्हणून मी खिडकीवरच्या क्लार्कशी भांडायला गेलो. परत येतो तर तू त्या चौकड्यांच्या शर्टवाल्याजवळ वाकून बोलतेयस. गाव कुठलं, घरी कोण कोण. मला कधी एवढं विचारलंस? आत्ता आलेला माणूस, त्याच्या केसपेपरवर लाल पेन्सिलीने फुली मारलीस, "चला चंद्रप्रकाश" म्हणत हाताला धरून आत नेलंस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी कॉलेज सोडल्यापासून तू अशीच वागतेस. खोटं असेल तर सांग.

काल जेवताना मी तुझा विषय काढला, शिव्यांसकट. बाबांनी ताट बाजूला सरकवलं.

"तो माझ्या बाजूक बसलेलो. घामान भिजलेलो, छातीर हात. मीच त्या चेडवाक सांगलंय, माझो नंबर रवांदे, हेका आधी घे."

चेडू म्हणजे तू. त्याची शुद्ध जाऊ नये म्हणून तू त्याला बोलतं ठेवत होतीस म्हणे. लाल फुलीवाल्याला थांबवायचं नसतं, हे अख्ख्या बाकाला ठाऊक होतं. मी खिडकीवर तोंड चालवत होतो.

त्याला नावाने हाक मारलीस, पण नाव केसपेपरवर लिहिलेलं असतं, कळतं मला. तरी विचारतो, ओळख तेवढीच ना?

आता मघापासून टाळतोय ते. ती तक्रार मी केली. गेटजवळच्या पेटीत चिठ्ठी टाकली, "ही नर्स ओळखीच्या पुरुषांना आधी सोडते." तुझं नाव आडनावासकट घातलं. माझं नाही घातलं. खाली लिहिलं, एक त्रस्त नागरिक.

आज ती परत मागायला गेलो होतो. मिळत नाही. लिहिणाऱ्याने स्वतः मेट्रनसमोर येऊन बोलायचं म्हणे. सोमवारी सातपासून त्यांच्या दारात बसतो. तुला बोलावलं तरी उठू नकोस, आधी मला आत जाऊ दे.

तोच त्रस्त नागरिक,
नंदू