पस्तीस वर्षांनी जन्मणारी भाची

ख्राइस्टचर्च, खोली क्रमांक ४१२
असार महिना, २०७८ (आपल्या पंचांगाप्रमाणे, इथे अजून २०२१ चालू आहे आणि सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं)

ती. तीर्थलाल मामांना इंद्रेणीचा दोन मीटर अंतरावरून साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? जमीनमहसुलाच्या मालपोत कचेरीसमोर तुमची छत्री आणि टेबल पुन्हा मांडलंत, की भक्तपूरकर अजून अर्जांवाचूनच दिवस काढताहेत? मी खुशाल आहे. माझं वजन, ताप आणि शी यांची सरकारदरबारी रोज नोंद होते. शीची का, ते पुढे येईलच. फोन न करता हे पत्र लिहून त्याचे फोटो पाठवते आहे, कारण तोंडी बोललेल्याला कचेरीत किंमत नसते हे तुम्हीच मला शिकवलंत.

तर मामा, सुरुवात त्या फॉर्मपासून. साथीमुळे परदेशातून येणाऱ्यानं चौदा दिवस सरकारी हॉटेलात बंद राहायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. इथल्या लोकांना कमी, आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जास्त, साडेपाच हजार डॉलर. हे वाचून तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "तात्पुरते म्हणजे काय? कायमचा राहायला कोण आलाय इथे? आणि एवढ्या पैशात मी तुला चौदा वर्षं कोंडून ठेवीन, वर रोज जुजु धौ खायला घालीन!" (दह्याचा तो मातीचा मोठा सट डोळ्यांसमोर आला आणि मी तेव्हाही गप्प बसले, आताही बसते.) मग, गेली एकतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिणारा आणि एकही अर्ज परत न आलेला मामा घरात असताना भाचीनं स्वतः फॉर्म भरणं शोभत नाही, म्हणून तो तुम्ही भरलात. आणि जन्मतारखेच्या रकान्यात, घाईत असेल, नागरिकतेच्या कागदावरची तारीख जशीच्या तशी उतरवलीत: भदौ २०५६.

आता इथल्या संगणकाला विक्रम संवत कसा ठाऊक असणार? त्यानं शांतपणे हिशेब केला की ही मुलगी जन्मायला अजून पस्तीस वर्षं आहेत. तरी तो गडबडला नाही. तीन वर्षांखालच्या बालकांना शुल्क नाही असा नियम आहे, आणि उणे पस्तीस हे तीनपेक्षा कमीच. शुल्क माफ! विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसानं मला नीट एकवीस वर्षांची म्हणून आत घेतलं, पण पासपोर्टवाले वेगळे आणि शुल्कवाले वेगळे, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. (आपल्याकडेही हेच, फक्त आपल्याकडे निदान एकाच टपरीवर चहा पितात.) मी ४१२चं दार उघडलं तर आत माझा पलंग, त्याशेजारी एक पाळणा, पाळण्यात कापडी मेंढी आणि टेबलावर लंगोटांचे तीन गठ्ठे. मला वाटलं आधीच्या पाहुण्यांचं राहिलं असेल. संध्याकाळी जेवण आलं: भोपळ्याचा गरगट्टा, सफरचंदाचा गरगट्टा आणि हिरव्या रंगाचा आणखी एक, ज्याची ओळख मला अजून पटलेली नाही. मामा, माझं उष्टावण तुमच्या मांडीवर झालं, तुम्ही चांदीच्या चमच्यानं खीर भरवलीत. दुसरं उष्टावण न्यूझीलंड सरकारनं प्लास्टिकच्या चमच्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी मी चूक दुरुस्त करायला फोन लावला. पलीकडे ग्रॅहम नावाचे गृहस्थ, आवाज लोण्यासारखा. मी सगळं सांगितलं: आमचं वर्ष तुमच्यापेक्षा सत्तावन्न पुढे, मी मोठी आहे, वनस्पतिशास्त्र शिकते, मला शुल्क लावा. ते म्हणाले, "हो हो, पण आई आहे का जवळ?" मी म्हटलं, आई नाही, ती आणि बाबा भूकंपात गेले. त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि विचारलं की मग बाळाकडे आत्ता कोण बघतंय. मी म्हटलं, बाळ मीच. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे बघा ताई, बालकाच्या नोंदीत बदल फक्त पालकच करू शकतात. बालकानं स्वतः फोन केलेला चालत नाही." सहा दिवसांत मी नऊ वेळा फोन केला. आता ग्रॅहम माझा आवाज ओळखतात आणि "आज बाळ कसं आहे?" असं विचारतात. मी सांगते, बाळ चिडलंय.

एक नायरी नावाच्या नर्सबाई आहेत, साठीच्या, त्यांनीच मला पहिल्यांदा माणसासारखं वागवलं. पहिल्या दिवशी बाळाचा ताप घ्यायला आल्या, पाळण्यात डोकावल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! फारच लवकर वाढलीस की!" तेव्हापासून स्वतःच्या डब्यातलं मटण लपवून आणतात. पण तक्त्यातले रकाने त्यांनाही भरावेच लागतात. (शी किती वेळा? एकदा. दात किती? बत्तीस. रांगते का? अजून तशी वेळ आली नाही.) काल मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरी, हे हसण्यावारी नेऊ नकोस. चौदाव्या दिवशी बालकाला पालकाच्या हातीच सोडतात. घ्यायला कोणी आलं नाही, तर तुला बालकल्याणवाले नेतील नाहीतर परत धाडतील."

आज आठवा दिवस आहे. पंधराव्या दिवशी प्राध्यापकांच्या वाफ्यांत माझ्या क्लोव्हरची, म्हणजे इथल्या चाऱ्याच्या रोपांची, मोजणी आहे. ती चुकली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की व्हिसा गेला. मला भीती वाटते मामा, खोटं कशाला सांगू. पण मी ठरवलंय. गप्प बसून फुकटचा गरगट्टा खाऊन इथे राहायचं नाही. चौदाव्या दिवशी मी या दारातून एकवीस वर्षांची म्हणून बाहेर पडणार, मग त्याचे साडेपाच हजार पडले तरी बेहत्तर. हप्ते चालतात, विचारून घेतलंय. द्राक्षमळ्यात छाटणीचं काम लागलं आहे, कात्री चालवायला दोन्ही हात शाबूत आहेत.

मामीला नमस्कार, शेजारच्यांना विचारलं म्हणून सांगा.

तुमची आज्ञाधारक भाची,
इंद्रेणी

ता. क. – फॉर्मवर पालक म्हणून तुमचंच नाव आहे. एका कागदावर "बालिकेचे वय एकवीस, तारीख लिहिताना माझ्याकडून चूक झाली" असं लिहून सही करा आणि उद्याच फोटो पाठवा. ग्रॅहम वाट बघताहेत.

ता. क. २ – मी वर "घाईत" लिहिलं, ते ग्रॅहमसाठी. हे पत्र त्यांना दाखवावं लागलं तर फोटोत फक्त वरचाच भाग घेईन. मामा, तुम्ही दिवसातून चाळीस वेळा संवताचा सन करता, झोपेतसुद्धा सत्तावन्न वजा करता. त्या दिवशी मामीनं गळ्यातली साखळी काढून टेबलावर ठेवली होती. तुम्ही ती परत तिच्या गळ्यात घातलीत, "पुन्हा काढलीस तर बघ" म्हणालात, फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेलात आणि बाहेर आलात ते गुणगुणत. तीन वर्षांखाली शुल्क नाही ही ओळ त्याच फॉर्मच्या मागे होती, मी काल वाचली. वाचून खूप हसले आणि मग पाळण्याचा कठडा धरून रडले. पण मला तात्पुरती का होईना, खरी राहू द्या.

ता. क. ३ – साखळी मामीच्या गळ्यातच राहू दे. एकतीस वर्षांत तुमचा एकही अर्ज परत आला नाही, मला माहीत आहे. हा पहिला मीच परत पाठवते आहे. सही करा.