टॉर्विक स्टेशनची मालखोली

७ जून १९७६

आले एकदाची. फार्गो शहरातलं घर बंद करताना हात जड झाला होता, पण इथे पाऊल टाकलं आणि बरं वाटलं. टॉर्विकचं स्टेशन पिवळं, ठेंगणं, गव्हाच्या शेतांच्या कडेला एकटंच उभं आहे. गाड्या कधीच्या बंद झाल्या, रूळही उखडून नेले. डोक्यावरच्या दोन खोल्यांत पूर्वी स्टेशनमास्तरचं कुटुंब राहायचं. आता उन्हाळाभर मी. गावाची पंच्याहत्तरी आहे, स्टेशनाचं संग्रहालय व्हायचंय, आणि त्याचा इतिहास लिहायला समितीने मला बोलावलं. शाळेतून निवृत्त झालेल्या विधवेला याहून चांगलं काय मिळणार?

समितीचे अध्यक्ष ऑर्विल डॅलस्ट्रॉम. धान्याचं कोठार त्यांचंच. त्यांनी माझी पेटी वर चढवली आणि म्हणाले, "मार्लिस मास्तरीणबाई, आता तुमची गाडी काही चुकायची नाही." त्यांच्या बायकोने आंबट रुबार्ब भरलेला गोड केक पाठवला होता. अर्धा मी एकटीनेच संपवला.

खाली प्रतीक्षागृह, तिकिटाची खिडकी, आणि त्यांना लागून, वेगळ्या छपराची मालखोली. मालखोलीच्या दारावर आडव्या फळ्या ठोकलेल्या आहेत. आतली जमीन कुजली आहे म्हणे.

१० जून

लोक भरभरून बोलतात. युद्धावरून परतलेली मुलं, डाकेने आलेली कोंबडीची पिल्लं, रुसून माहेरी निघालेली आणि गाडी उशिरा आल्यामुळे राग निवळून घरी परतलेली नवरी. वह्या भरतायत. फक्त मालखोलीचं नाव काढलं की सगळे विषय गव्हाच्या पिकावर नेतात. कॅफेवाल्या गुड्रुनने तर कॉफी ओतता ओतता पाठच फिरवली.

आज त्या दाराजवळ जाऊन पाहिलं. काही खिळे गंजून काळे पडलेत, काही जरा अलीकडचे, आणि चारदोन तर अगदी चकचकीत. याच वसंतात ठोकलेले असावेत. कुजलेल्या जमिनीसाठी इतक्या पिढ्या खिळे ठोकत बसतात का कोणी?

१२ जून

दुपारी टाइप करत होते. खालून ठकठक. मालखोलीच्या भिंतीवर, आतून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. खाली गेले तर थांबली. वर आले तर पुन्हा सुरू.

ऑर्विलना सांगितलं. म्हणाले, रॅकून-बिकून जनावर शिरलं असेल. पण या वेळी ते उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. जाताना इतकंच म्हणाले की गुड्रुनकडे वरची खोली रिकामी आहे, तिकडे राहायला जा हवं तर.

१५ जून

आज टिली ब्रेकेकडे गेले. जुन्या स्टेशनमास्तरची मुलगी. जन्म माझ्याच खोल्यांतला. चर्चमागे एकटीच राहते. मी मालखोलीचं विचारलं तेव्हा तिने आधी दार लावून घेतलं.

१९०९च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कहून अनाथ मुलांची गाडी आली. अशा गाड्या तेव्हा गावोगाव थांबत. फलाटावर मुलांना उंचीप्रमाणे उभं करायचे आणि ज्याला जे हवं ते मूल तो घरी न्यायचा. टॉर्विकला सात मुलं उतरली आणि गाडी पुढे गेली. निवड सुरू होणार इतक्यात एकाला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरने घसा पाहिला. आत पांढरा पडदा. घटसर्प. गावात प्रत्येक घरात लेकरं होती. लोकांनी पोरांना मालखोलीत घातलं, आणि बाहेरून फळ्या ठोकल्या. ऑर्विलच्या आजोबांच्या हातात हातोडा होता. टिलीच्या वडिलांनी खिळे दिले. हिमवादळ ओसरलं की उघडू, असं ठरलं होतं.

टिली म्हणाली, "आई आम्हाला वर भजनं म्हणायला लावायची. मोठ्याने. मी श्वास घ्यायला थांबले की खालचं ऐकू यायचं."

मी विचारलं, मग दार उघडलं कधी?

ती म्हणाली, "उघडलं, असं कोण म्हणालं तुला?"

थंडी सरल्यावर छपराची फळी काढून वरून चुना ओतला. बस.

निघताना तिने माझा हात धरला. तुला मूलबाळ आहे का, म्हणून विचारलं. नाही म्हटलं. तेव्हा म्हणाली, "मग तिथून नीघ, पोरी. ती अजून वाटच बघतायत कोणीतरी पत्करायची."

१६ जून

ऑर्विलशी भांडले. म्हटलं, त्यांना बाहेर काढा, रीतसर पुरा, प्रत्येकाच्या नावाने दगड उभा करा. ते टोपीची कड चाचपत म्हणाले, "माझ्या वडिलांना त्या हिवाळ्यात दोन वर्षं पुरी झाली होती. ते जगले म्हणून मी आहे. माझ्या आजोबांनी चूक केली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

म्हटलं, मग मीच उघडते.

"नका उघडू," एवढंच म्हणाले. दरडावून नाही, विनवल्यासारखं.

१८ जून

सकाळी पहारीने फळ्या काढल्या.

सगळं पांढरं. भिंतीला टेकून ती ओळीने बसलेली, उंच आधी, मग लहान. कोटांवर कागदी चिठ्ठ्या टाचलेल्या, अक्षरं उडालेली. सर्वांत धाकटं शेजारच्याच्या कोटात शिरलेलं. मला रडू आवरेना. मोठ्याने म्हणाले, "चला रे बाळांनो. मी नेते तुम्हाला. सगळ्यांना."

मग पाद्री लुंड यांना फोन करायला गेले. ते लगेच आले.

भिंतीजवळ कोणी नव्हतं. नुसता चुना. त्यात लहान पावलं उठलेली, दारातून बाहेर, जिन्याने वर. माझ्या खोलीकडे. लुंड यांनी ती पाहिली, क्रॉस घट्ट धरला आणि मागे न बघता गेले. मी पाहुण्यांची चादर काढून जमिनीवर अंथरली. का, ते सांगता येत नाही.

१९ जून

दिसत नाहीत. पण आहेत. खुर्ची सरकवली की कोणाला तरी लागते आणि ते हुंदका गिळतं. भर उन्हात खोली गार. भांडं घासताना एक हात माझ्या हातात आला. बर्फासारखा. मी सोडला नाही.

२० जून

घसा धरलाय. डॉक्टरांना फोन केला. हसले, घटसर्प आता राहिलाय कुठे, म्हणाले, थंडी बाधली असेल. आरशासमोर तोंड उघडलं. टाळ्याच्या मागे पांढरं.

धाकटं मांडीवर येऊन बसतं. आई म्हणतं. मी ओ दिली.

२१ जून

गाडी काढली. मोठ्या इस्पितळात जायचं ठरवून. मागच्या सीटवर दाटीवाटी, सगळ्यांचे श्वास घोगरे. मुख्य रस्त्यावर पंच्याहत्तरीच्या सोहळ्याची तालीम चालली होती. गावातली यच्चयावत पोरं कागदी टोप्या घालून. एक मुलगी माझी गाडी बघून धावत आली, खिडकीपाशी. ऑर्विलची नात. काच खाली होती —

मागून कोणीतरी तिच्याकडे हात लांबवला. खेळायला.

काच वर केली. गाडी उलटी वळवली. आता स्टेशनात आहे. स्टेशनचं खालचं दार लावलंय. मालखोलीच्याच फळ्या, तेच खिळे. मी स्वतः ठोकले, आतून. हातोडा उचलताना त्या माणसांचा मला राग येईना. ते बाहेर होते, मी आत आहे. एवढाच फरक.

२२ जून

फोन उचलला. आवाज फुटत नाही. ठेवला.

गिळता येत नाही. पोरं गप्प आहेत. माझ्या अंगावर कोट घातलाय कोणीतरी. लहान कोट —

पुन्हा — बहुतेक दुपार

बाहेर माणसं. बरीच. टिलीचा आवाज, रडवेला. ऑर्विल दाराशी. म्हणतायत, मार्लिस, घाबरू नका, आम्ही सगळे आलोय, घरदार घेऊन आलोय, या खेपेला आम्ही दार उघडणार.

नको. ओरडायला बघते — नुसती शिट्टी वाजते घशात —

पहार लागली. आतून ठोकलेली पहिली फळी धक्क्याने निखळली. बाहेर पोरांचे आवाज.

इथली उठली. जिन्यावर ओळ धरतायत. उंच आधी —

कागदावर लिहून दाराखालून सरकवते. उघडू नका. जिना उतरायचा आहे. उघडू न