नावाशिवायची चित्रं

देऊळघाट

प्रिय जयू,

भाऊजींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? ऑपरेशननंतर वाकू नका असं डॉक्टरनं सांगितलं असेल, आणि ते गोठ्यात वाकतच असतील. तुझा गुडघा कसा आहे? शिवमचं पित्त बसलं का? पुष्पांजलीला दिवस गेलेत असं कळलं. तिला जे खावंसं वाटेल ते करून घाल, कामाला जुंपू नको. सुलतानपूरला सगळे धडधाकट आहात असं धरून चालतो, कारण इथलं काही धड नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला भाऊजींच्या ऑपरेशनपायी तुला येता आलं नाही. आलेल्या प्रत्येक घराला मी भांड्याऐवजी आईच्या रानभाज्यांचं पुस्तक दिलं. कोणती भाजी कधी उगवते, कशी शिजवायची, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, सगळं आईनं सांगितलेलं, चित्रांसकट. आपल्या शेजारच्या गोपालची नवी सून करिष्मा शहरात वाढलेली पोर. तिनं हौसेनं पुस्तक उघडून डोंगरावरून मुसळी समजून कोवळी पानं आणली. पण मुसळीच्या नावावर चित्र होतं विषारी कळलावीच्या कोंबाचं. सासू माहेरी गेलेली, भाजी ओळखणारं घरात कोणी नव्हतं. गोपाल आणि त्याचा पोरगा उपाशीच कामावर गेले होते म्हणून वाचले. पोरगी उलट्यांनी अर्धी झाली. अजून बुलढाण्याला दवाखान्यात आहे. काल भेटायला गेलो तर तिच्या उशीवर केसांचा पुंजका पडलेला. कंगवा लावला की हातात येतात. तिनं मला ओळखलं. गोपाल मात्र दारातच म्हणाला, “जानरावदादा, तुमी लग्नाच्या पत्रिकाच छापत बसले असते तं बरं झालं असतं.”

खरं तर झालं ते पत्रिकेच्या सवयीनंच. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवल्या. पत्रिका एका पानाची. गणपती वर, नावं मधोमध, स्पेसबार दाबत दाबत सरकवायचं, डोळ्याला बरं दिसलं की झालं. पुस्तकही मी तसंच जुळवलं. मजकूर टाईप केला आणि चित्रं त्यावर मोकळीच ठेवली, भिंतीला कॅलेंडर टेकवून ठेवावं तशी. छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता. त्यानं दुसरा लावला, ओळी आखडल्या, नावं वर सरकली आणि चित्रं होती तिथंच राहिली. एका पानाला धक्का बसला आणि पुढची सगळी पानं बिघडली. मी प्रूफ पाहिलं ते पत्रिकेसारखं. आईचं नाव, तारीख, गाव. डोळे भरून आले होते, पुढचं नीट वाचलंच नाही.

आता मयुरीनं दुसरी रीत शिकवली आहे. नात असून मास्तरणीसारखी ओरडते. यात पान डोळ्यानं जुळवायचं नसतं. साध्या अक्षरात मजकूर लिहायचा आणि मधेमधे खुणा द्यायच्या. इथं प्रकरण सुरू, इथं चित्र, हे त्याचं नाव. चित्र आणि नाव एकाच कंसजोडीत बांधायचं. पान मग यंत्रच जुळवतं. चित्र दुसऱ्या पानावर गेलं तरी नाव त्याचं बोट धरून जातं. एखादा कंस मिटायचा राहिला तर अख्खं पुस्तक अडून बसतं, ओळीचा आकडा सांगतं आणि पुढं सरकत नाही. पहिल्यांदा मी चिडलो, “हे काऊन अडते बे?” मयुरी म्हणाली, “आबा, ते अडते म्हणूनच बरं हाय. तुमचं जुनं गुपचूप चुकत होतं.” तेव्हापासून मी जुन्याला हात लावला नाही. जेवण ठेवून पुस्तक नव्यानं टाईप करतो. मयुरीची आई म्हणते, सासऱ्यांना भूत लागलं.

घाई अशी की डोंगरावर कोंब वर आले आहेत आणि बाया टोपल्या घेऊन निघाल्या आहेत. श्राद्धाला कुठून कुठून लोक आले होते. वडनेर भोलजीपर्यंत पुस्तकं गेली. शेजारच्या शालिग्रामची मोटारसायकल घेऊन मी गावोगाव फिरलो, घरोघर सांगितलं, हात जोडले. काहींनी पुस्तक दिलं. पुष्कळ म्हणाले, “तानाबाईची आठवण हाय ते, परत काऊन देऊ? आमी त्याच्यात पाहून भाजी नाही ना करत.” आज नाही करत, जयू. उद्या त्यांच्या घरी एखादी करिष्मा येईल. नवं पुस्तक हातात ठेवलं तरच जुनं सुटेल, हे मला कळून चुकलं आहे.

नवं पुस्तक जुळवून होत आलं होतं. आणि काल कळलावीचं चित्र कंसात घालताना हात थांबला. ही रीत मी बांधीन ते सोडणार नाही, खरं आहे. पण मी बांधलेलंच चुकीचं असेल तर? आई बोट दाखवायची, मयुरी फोटो काढायची, आणि कोणत्या फोटोला कोणतं नाव ते नंतर मी ठरवलं. कळलावी फुलली की आंधळाही ओळखेल, पण कोंबात मला सगळं हिरवं सारखंच दिसतं. आईच्या मागं डोंगर चढणारी तू होतीस. मी छपाईच्या दुकानात शाई घोटत होतो. दवाखान्यातली ती उशी डोळ्यांपुढून हलत नाही आणि स्वतःच्या नजरेवरचा माझा विश्वास उडाला आहे. तुझा बटनाचा फोन, त्यावर चित्र येत नाही, म्हणून हे पत्र. पाकिटात सगळी चित्रं घातली आहेत, मुद्दाम नावाशिवाय, म्हणजे माझी चूक तुझ्या डोळ्यात शिरायची नाही. प्रत्येक चित्राच्या पाठीवर तुझ्या हातानं नाव लिही. जिथं तीळभर शंका वाटेल ती पाठ कोरी ठेव. ती भाजी मी पुस्तकातून काढून टाकीन, आईची असली तरी. आईचं नाव घालून मी घराघरात विष ठेवून आलो आहे, जयू. ते मला एकट्याला परत आणता येत नाही. उलट टपाली धाड. वाट पाहतो आहे.

तुझाच,
जानूदादा