टेकूंखालची जमीन

सोमवार, ९ तारीख

ती. मामा,

नमस्कार. हाताची पट्टी निघाली का? मामीचा खोकला कसा आहे? इकडे ठीक. खचलेला कोपरा तोडून झाला, नवा स्लॅब पुढच्या आठवड्यात. तुमच्या जागी आलेले फोरमन शिट्टी वाजवून माणसं बोलावतात. नावं त्यांना अजून माहीत नाहीत.

स्लॅबआधीच्या तपासणी-यादीत एक ओळ वाढवली आहे: टेकूंचे फोटो जोडणे. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची यादी चोख होती म्हणून आपण वाचलो."

ती चोख नव्हती.

'टेकूंखालची जमीन पाहिली' या ओळीपुढे मी वरूनच बरोबरची खूण केली. काँक्रीटच्या गाड्या गेटवर खोळंबल्या होत्या. "मॅडम, माल घट्ट होतोय," म्हणून पंपवाला डोकं खात होता. तुम्ही खालून माझ्या लाडक्या नावाने ओरडलात, "मोजपट्टी, खाली ये गं, कोपऱ्यातली माती भुसभुशीत लागतेय!" मी "आलेच" म्हणाले, सही केली आणि पंप सुरू करायला सांगितला. कोपरा बसू लागला तेव्हा पाचर ठोकायला तुम्हीच धावलात आणि हात सापडला.

मग ती बैठक. माझ्या खुणेमुळे साहेबांचं काम सोपं झालं. मॅडमनी पाहिलं तेव्हा टेकू ठीक होते, म्हणजे नंतर तुमच्या माणसांनी हलवले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पेनाचं टोपण लावत बसले. तुम्ही म्हणालात, "झालं असेल आमच्याकडून." तेवढ्यावर तुम्हाला काढलं.

आई म्हणते, दादाचं आता वय झालं, लक्ष राहत नाही. मी जेवत राहिले.

आज साहेबांना लिहून दिलं की मी खाली उतरलेच नव्हते. म्हणाले, "मिटलेलं कशाला उकरतेस? त्यांनी स्वतः कबूल केलंय." मी कागद परत घेतला नाही.

तुम्हाला बोलावणं येईल. "पोरगी उन्हाने दमली होती, मीच नीट सांगितलं नाही," असं काहीतरी तुम्ही गुंडाळाल. कृपा करून गुंडाळू नका. तुम्ही हाक मारलीत, हे सांगा. मी आले नाही, हेही सांगा. मी समोरच बसलेली असेन, तरी सांगा.

जिच्यावर तुम्ही अजून रागावलाही नाहीत, ती
तुमची भाची