चौघांचा फोटो

रेजिस्त्रो,
२० ऑगस्ट १९९६

प्रिय नीसान,

चार वर्षांनी माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून हे पोस्टाने न पाठवता वाकियामांच्या एइकोच्या हाती देतेय. ती गुरुवारी जपानला, तुझ्या हामामात्सुला निघते आहे. माझ्या थोरल्या भावाने पत्र वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं तिला बजावलंय. चहा झाल्याशिवाय ती तशीही हलणाऱ्यातली नाही.

इथे सगळं ठीक. यंदा रिबेरा नदीला पूर आला नाही. मागचा चहाचा मळा विकला गेला, आता तिथे केळी लावली आहेत. शाळेत माझे चित्रकलेचे तास चालू आहेत, चौथीची पोरं अजून चंद्राला डोळे-नाक काढतात. आईच्या पोटात भाताची पेज आणि उमेबोशीचं अर्धं खारवलेलं फळ, एवढंच जातं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, महिनाभर, फार तर दीड. तरी वर "सगळं ठीक" असं लिहून बसले. सवय, दुसरं काय.

काम एकच आहे. १९४९ सालचा आपला एक फोटो आहे. बाबा, आई आणि तू, चहाच्या शेडसमोर. त्याची एक प्रत तेव्हा कुमामोतोला आजोबांना पाठवली होती, असं आई म्हणते. तिकडे चुलतभावाकडे चौकशी करशील का? इथली प्रत जरा खराब झालीय.

जरा खराब झालीय! हे लिहून मी उठले, आईची पाठ चोळून दिली, आणि आता खरं ते लिहायला बसलेय.

गेली तीन वर्षं मी लोकांचे जुने फोटो गोळा करते. इथल्या आपल्या जपानी लोकांतलं म्हातारं माणूस गेलं की नातवंडं अल्बम कचऱ्याशेजारी ठेवून देतात. मागे लिहिलेलं जपानी त्यांना वाचता येत नाही, आणि फोटोतलं कोण कोण हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. हिराकावा फोटोवाल्यांचं घर पाडलं तेव्हा तर दोन ट्रंका मिळाल्या. ते फोटो चाळताना एक गोष्ट लक्षात आली. तिघांचा फोटो काढला की मधला लवकर जातो, ही आपल्याकडची भीती तुला माहीतच आहे. म्हणून जिथे जिथे तिघं, तिथे कुणाच्या तरी हातात एक बाहुली. पायात चप्पल नाही, अंगावर पिठाच्या गोणीचा सदरा, पण चौथी बाहुली हवीच! मरणाला चिंध्यांच्या बाहुलीने फसवू बघणारी ही माणसं मला फार जवळची वाटली. मी त्या बाहुल्या नखकात्रीने कापून काढल्या आणि भोकांच्या कडेने लाल दोऱ्याचे टाके घातले. असे त्रेचाळीस फोटो केले.

कामेयो मावशी बघून म्हणाल्या, "अगं, धड फोटोंना भोकं पाडतेस आणि मग रफू करत बसतेस? पोरांना हेच शिकवतेस का शाळेत?" मी हसण्यावारी नेलं. साओ पावलोतल्या एका गॅलरीने मला आख्खी भिंत दिली होती, पेपरात नाव आलं होतं. मी जमिनीवर नव्हतेच.

कापलेल्या बाहुल्या केरात टाकवेनात. काही झालं तरी चेहरा असलेली वस्तू. देवळात भिक्खूंकडून मंत्र म्हणवून घेतले आणि अंगणात त्या जाळल्या. बरीच माणसं जमली होती. टाळ्याही पडल्या.

त्या त्रेचाळिसांतला एक फोटो आपला होता. पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशमी फडक्यात गुंडाळलेला. आईला न विचारता मी तो उचलला. एका बाजूला बाबा, मध्ये आई, शेजारी तू, आणि तुझ्या मांडीवर पांढऱ्या चेहऱ्याची, ताठ किमोनोतली बाहुली. मला क्षणभरही शंका आली नाही रे.

मागच्या सोमवारी आईने तो मागितला.

"माझ्या शवपेटीत ठेव, छातीवर," ती म्हणाली. "तिनं मला पाहिलं ते तशी, काळ्याभोर केसांची. हे सुरकुतलेलं थोबाड घेऊन गेले तर ती ओळखायची नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी मागे जाईल."

"कोण, आई?"

"तोमोए."

"तोमोए मी आहे. ही काय, तुझ्यासमोर बसलेय."

"तू नंतरची," आई म्हणाली. पेज अळणी आहे म्हणावं, इतक्या सहज.

मग तिने सगळं सांगितलं. मुलगी चाळीस दिवसांची होऊन तापात गेली. जन्माची नोंद बाबांनी केली होती, मरणाची राहिली. कचेरी नदीने दोन दिवसांवर. त्याच दिवशी हिराकावा सायकलवर कॅमेरा बांधून आला. मेलेल्या पोरीला नुसतं निजवून फोटो काढायचा म्हणजे अपशकुन, म्हणून तिला तुझ्या मांडीवर बसवलं, चौघांत. दीड वर्षाने मी झाले तेव्हा बाबा म्हणाले, कागद आहेच की, पुन्हा कशाला हेलपाटा? माझं नाव, माझी जन्मतारीख, शाळेचे दाखले, सगळं तिचं आहे नीसान. तिच्यापाशी तिचं म्हणून एक फोटो होता. त्यातून मी तिलाच बाहुली समजून कापलं, जाळलं आणि वर मान झुकवून लोकांचे आभार मानले.

आई रोज विचारते, "सापडला का गं?" मी सांगते, फ्रेमला दिलाय. काल म्हणाली, "फ्रेम कशाला? पेटीत मावायला नको का?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. गॅलरीतून तो फोटो परत आणलाय. आईच्या हातात कसा देऊ? तुझ्या कुशीतच भोक आहे, आणि त्याला मी हौसेने टाके घातलेत.

हिराकावांच्या नातवाकडेही जाऊन आले. म्हटलं, फोटोंच्या काचेच्या मूळ निगेटिव्ह प्लेटा असतील. होत्या. त्याच्या बापाने त्या सोड्याने घासून टोमॅटोच्या रोपांवरच्या छपराला बसवल्या. मी शिडी लावून एकेक काच उन्हात बघितली. "बाई, पडाल," तो खालून ओरडत राहिला. काचांवर काही म्हणजे काही नव्हतं.

आणि तू. सात वर्षांचा होतास. गार पडलेली बहीण मांडीवर घेऊन तू किती वेळ न हलता बसलास ते आई सांगत होती. तू जन्मात पुन्हा फोटोला उभा राहिला नाहीस, आणि मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. बाबांच्या शवपेटीभोवती सगळे फोटोसाठी उभे राहिले तेव्हा तू तोंड फिरवून निघून गेलास. मी सगळ्या नातेवाइकांसमोर ओरडले होते, "बापाच्या शेवटच्या फोटोलाही याला उभं राहवत नाही, जपानला जाऊन फॅक्टरीचा नोकर तेवढा झालाय!" चार वर्षं मी त्यासाठी तुझी माफी मागितली नाही, कारण मला ते बरोबरच वाटत होतं. आज मागते. तू दिली नाहीस तरी चालेल, पण त्यासाठी आईचं हे काम अडवू नकोस.

कुमामोतोला प्रत असली तर परतीच्या पहिल्या माणसाच्या हाती पाठव. नसली तर, नीसान, मला तिचा चेहरा लिहून पाठव. तो जवळून पाहिलेली जिवंत माणसं आता दोनच आहेत, आणि आईला मी विचारू शकत नाही. कपाळ केवढं होतं? केस होते का? ओठ मिटलेले होते की थोडे उघडे? कान कुणासारखे? तुला आठवायला लावतेय ते किती दुष्टपणाचं आहे हे मला कळतं. तरीही आठव. मी काढीन, भोकात बसवीन. आईची नजर आता मंद झालीय, ती बोटांनी चाचपेल. तिला तिथे कागद लागायला हवा. भोक लागता कामा नये.

डोळ्यांचं मात्र नक्की कळव. मी ते उघडे काढीन आणि तेव्हा ते कुणीतरी मिटलेले असतील, असं व्हायला नको.

खाली सही करायला गेले आणि थांबले. ते नाव आता मला लिहवत नाही.

तुझी बहीण,
नंतरची