कानामागून आलेली

५ फेब्रु.
फायरिंगचा सराव सुरू. विभागाच्या पोलीस नेमबाजीला जिल्ह्यातून महिला कॉन्स्टेबल एकच जाते. आजवर मीच. यंदा घाटनांदूरची सारिका पण उभी. भरती होऊन दोन वर्षं नाहीत झाली. (यापुढे नुसतं 'सा.' पूर्ण नाव लिहायला हात उठत नाही.)
तिने कानात फोमच्या गुंड्या घातल्या, वरून लाल इअरमफ. माझे नेहमीचे कापसाचे बोळे, घरच्या रानातले. फायरिंग शिकवणारे उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले, "मंगल, पोरीकडनं शिक जरा. कापसानं आवाज आडत न्हाई." कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

८ फेब्रु.
डाव्या कानात शिट्टी वाजतेय. दरवर्षी वाजते, दोन दिवसांत जाते. या खेपेला जाईना. फोन डावीकडे धरला तर आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. उजवीकडे धरला.
कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरने लिहून दिलं की टीममधून नाव गेलं. आणि कुणाचं लागणार ते ठाऊकच आहे.

१२ फेब्रु.
मागवलेले इअरमफ आले. सा.च्या मफपेक्षा जाड, आवाज जास्त अडवणारे. आता बघू म्हटलं.
काय बघू, कपाळ. गाल टेकवला की उजवी वाटी रायफलच्या दस्त्याला लागून उचलते, फटीतून आवाज आत. ती सावरायला मान तिरकी केली, गोळ्या पांगल्या. सा.चे मफ पातळ. घेताना रायफलला गाल लावून बघितले असणार. हे मला का सुचलं नाही? जळफळाट नुसता.
वर ती आलीच. "ताई, गुंड्या घाला अन् वरून माझे मफ घ्या. आलटून पालटून वापरू." म्हटलं, ठेव तुझ्याजवळ.

१३ फेब्रु.
मेडिकलमधून गुंड्या आणल्या, गुपचूप. अर्ध्या बाहेरच राहत होत्या. मग सा. करते तसं केलं. बारीक वळायची, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, आत सारायची, फुगेपर्यंत बोट ठेवायचं. बसली. घर गप्प झालं, शिट्टी तेवढी राहिली. रडू आलं.

१६ फेब्रु.
गुंड्या + उस्तादांच्या पेटीतले पातळ मफ. पहिल्यांदाच दचकले नाही. सा.ची आणि माझी बरोबरी. निवड सोमवारी दुपारी.
नंतर उस्तादांनी बाजूला घेतलं. "सोमवारी सकाळी कान दाखवून ये, मग फायरिंग. सारिका म्हणली, ताईला डाव्या अंगानं हाक मारल्याली कळत न्हाई."
काळजी, की काटा काढला? आणि इतकं बारीक लक्ष ती ठेवतेच कशाला?

१८ फेब्रु., रवि.
रायफली पुसायला दोघीच होतो. विचारलंच. "उस्तादांचे कान कशापायी भरलेस गं?"
"भरले न्हाईत ताई. तुमचा कान ऱ्हावा म्हणून बोलले. लई दिस बगत होते."
मी नळी पुसत राहिले. ती तेलाची बाटली घ्यायला उठली आणि परत येऊन माझ्या डावीकडे बसली. मान खाली. जरा वेळाने तिचे ओठ हलताना दिसले.
मी "हो" म्हणाले.
ती हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली.
कशाला हो म्हणाले, मला माहीत नाही. ती खरंच काही बोलली होती, की नुसते ओठ हलवून बघत होती, तेही नाही.